शेऱ्याचा रकाना

कालव्याच्या एका काठावर मी उभी होते आणि दुसऱ्या काठावर रुग्णवाहिका. मधे पाणी. माझ्यामागे दोन शेतं सोडून एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, दुसऱ्या खेपेची बाई अडलेली होती, आणि तिची सासू दर मिनिटाला शेताच्या धुऱ्यावर येऊन मला हाका मारत होती.

"सिस्टर, मोबाइल तर हितंच दाखवून राहिलाय!" चालक पलीकडून ओरडला. फोन हातात धरून तो मला दाखवत होता, जणू इतक्या लांबून मला त्याचा पडदा दिसणार होता.

मोबाइलच्या नकाशावर कालवा म्हणजे एक निळी रेघ. ती ओलांडायला पूल लागतो आणि तो पूल बराच मागे राहिला, हे नकाशाला ठाऊक नव्हतं. गाडी वळून येईपर्यंत बाळंतपण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झालं. खाली कडब्याच्या पेंढ्या, वर बारदान, आणि मी हातमोजे घालून गुडघ्यांवर. बाळ-बाळंतीण दोघंही सुखरूप राहिली. सगळ्यांनी मला हात जोडले. पण माझा राग काही उतरला नाही.

कुरुंद्याहून औंढ्याकडे येताना रस्त्याच्या आतल्या अंगाला माझं उपकेंद्र आहे. एक गाव, दोन तांडे आणि आखाडे. शेतात घर बांधून राहतात त्याला आमच्याकडे आखाडा म्हणतात. आखाड्याला घर नंबर नसतो, गल्ली नसते. "लिंबाच्या पलीकडं", "जुन्या हिरीपासी", "पाटलाच्या मळ्याच्या मागं", एवढाच पत्ता. मी इतकी वर्षं लसीकरणासाठी पायी आणि स्कूटीवर फिरले म्हणून मला ते तोंडपाठ. गाडीचा चालक मात्र दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो. त्याला कुठला लिंब नि कुठली विहीर?

म्हणून मी ठरवलं की आपल्या हद्दीतल्या सगळ्या आखाड्यांचा नकाशा आपणच करायचा. मोबाइलवर उघडणारा.

मी बारावी सायन्स आणि नंतर नर्सिंगचा कोर्स केलेली बाई. संगणकावर रिपोर्ट भरणं एवढीच माझी धाव. हिंदी व्हिडिओ बघून बघून मला एक साइट सापडली. तिथे तक्ता टाकला की नकाशा तयार होतो, आणि एक पैसा लागत नाही. मी घरी हे सांगितलं तेव्हा आमचे मालक जेवत होते. हातातला घास तसाच ठेवून म्हणाले, "फुकट काहून देऊन राहिले ते? त्याहिचा काय फायदा?"

हा प्रश्न मलाही पडला होता. माझा स्वभावच तसा आहे. लसीची कुपी हातात आली की मी आधी तारीख बघते, मग लेबल, मग पुन्हा तारीख. औषधाचा खोका मोजून घेतल्याशिवाय सही करत नाही. त्यामुळे त्या साइटवर खातं उघडताना मी माझ्या नेहमीच्या फोनचा नंबर दिला नाही, जन्मतारीख चुकीची लिहिली आणि पासवर्ड एका जुन्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर उलटा लिहून ठेवला. आता वाटतं, मी किती जपत होते! पण ते सगळं जपणं स्वतःसाठी होतं.

पहिल्यांदा गावातलीच दहा ठिकाणं टाकून पाहिली. शाळा, पाण्याची टाकी, मारुतीचं देऊळ, असंच काही. फोनमधून अक्षांश-रेखांश घेतले, तक्त्यात भरले, अपलोड केलं. नकाशा उघडला आणि गाव कुठेच नाही. मी बोटानं नकाशा लहान लहान करत गेले. मराठवाडा गेला, महाराष्ट्र गेला, देश गेला. शेवटी पार वर, उत्तर ध्रुवाच्या अलीकडे, बर्फाच्या बेटांजवळच्या समुद्रात माझे दहा लाल ठिपके दाटीवाटीनं बसलेले दिसले. मारुतीचं देऊळसुद्धा.

मला वाटलं, ही साइटच खोटी आहे. माणसांची माहिती घेते आणि कुठेतरी फेकून देते. मी तो तक्ता पुसला, पासवर्ड बदलला आणि दोन आठवडे तिकडे फिरकले नाही. मग एका व्हिडिओत कुणाचे तरी ठिपके असेच भलतीकडे गेलेले दिसले, तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडे एकोणीस अंश अक्षांश आणि सत्त्याहत्तर रेखांश. मी रकान्यांना मराठी नावं दिली होती, ती त्या साइटला कळली नाहीत. तिनं स्वतःच अंदाज बांधला, आधीचा आकडा रेखांश मानला आणि गाव जगाच्या टोकाला नेऊन ठेवलं. चूक दाखवली नाही, विचारलं नाही, काही नाही. जे समजत नाही ते ही साइट गुपचूप गृहीत धरते, हे मी तेव्हा पाहिलं होतं. पण ठिपके जागेवर आल्याच्या आनंदात त्याचा अर्थ मी पुरता घेतला नाही.

मग आम्ही दोघी निघालो, मी आणि आमच्या गावची आशाताई. ती माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, बोलायला मोकळी, आणि कुठल्या आखाड्यावर कुणाची सून कितव्या महिन्यात आहे हे रजिस्टरशिवाय सांगणारी. मी स्कूटी चालवायची, ती मागे बसून वही धरायची. आखाड्यावर पोचलं की दारात फोन धरून थांबायचं. झाडाखाली ठिपका हलतो, म्हणून उघड्यावर उभं राहायचं. एकदा घाई केली तर एक पूर्ण आखाडा शेजारच्या विहिरीत गेला.

लोकांना आमच्या हातातला फोन आवडला नाही.

पहिल्याच आठवड्यात एका आखाड्यावर आम्ही पोचायच्या आत घरधनी काठीनं तारेवरचा आकडा काढताना दिसला. आम्ही वीज मंडळाकडून आलो असं त्याला वाटलं होतं. तांड्यावर तर बायांनी दारंच लावून घेतली. तिथला एक वयस्कर माणूस बाजेवर बसून होता. त्यानं शांतपणे विचारलं, "बाई, गायरानात कोण पेरते ते लिहून नेऊन राहिल्या का?"

"न्हाई बापू, गाडी यावी म्हणून हाय. दवाखान्याची."

"गाडी आजवर आली न्हाई. आज येकदम नकाशाच आला?"

आशाताईनं त्याच्या नातीच्या डोसांचं विचारलं, चहा मागितला, आणि तासाभरानं कुठे त्यांनी दारातला फोटो न काढता नुसती जागा टिपू दिली.

खरा नकार दिला तो एका मामांनी. त्यांचा आखाडा सगळ्यांत टोकाला. दोघंच नवरा-बायको. पोरं पुण्याला कंपनीत. मामींना रक्तदाबाचा त्रास, गोळ्या माझ्याकडूनच जायच्या. म्हणजे गाडीची गरज कुणाला असेल तर ह्या घराला. पण मामा म्हणाले, "माहं घर कुटं हाय ते ज्याला कळाय पायजे त्याला ठावं हाय. बाकीच्याला कळून करायचं काय?"

"मामा, मामींना एकाएकी काही झालं तर?"

"तर तुमाला फोन करीन. तुमचा नंबर हाय की माह्यापासी."

"आणि मी नसले तर?"

"तर मंग पाहू." त्यांनी विषय तिथंच तोडला आणि हळदीच्या वाफ्याकडे निघून गेले.

मी मामींचा रक्तदाब घेतला. तो वाढलेलाच होता. निघताना मी पाणी प्यायच्या निमित्तानं अंगणात थांबले, फोन पदराआड धरला आणि जागा टिपली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हातारा हट्टी आहे, त्याच्या हट्टापायी म्हातारीचा जीव जाऊ नये, एवढंच मनात होतं. आशाताई माझ्याकडे पाहत होती. ती काही बोलली नाही, मीही सांगितलं नाही.

घरी बसून मी तक्ता भरला. नाव, फोन, घरात माणसं किती, आजार कोणता. आणि शेवटी आमच्या प्रत्येक सरकारी रजिस्टरात असतो तसा शेऱ्याचा रकाना. रकाना रिकामा दिसला की माझा हात थांबत नाही. चालकाला उपयोगी पडेल म्हणून मी लिहीत गेले. ‘कुत्रं सोडलेलं असतं, लांबून हाक मारा.’ ‘पावसाळ्यात ओढ्यातून गाडी जात नाही.’ ‘नवरा ऊसतोडीला जातो, बाई एकटी.’ मामांच्या आखाड्यावर मी एकदा सोमवारी गोळ्या द्यायला गेले तर कुलूप होतं. दोघं दर सोमवारी सकाळच्या बसनं औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जातात. म्हणून तिथं लिहिलं: ‘वयस्क दोघेच. सोमवारी घर बंद असते, जाऊ नये.’

हे सगळं मी माझ्यासाठी आणि चालकासाठी लिहीत होते. लोकांना नुसता ठिपका आणि त्याच्यावर नाव दिसणार, अशी माझी समजूत. समजूत कशावरून? तर मी माझ्या फोनवर ठिपका दाबायचे तेव्हा नाव दिसायचं. त्याच्या खाली एक बारीक बाण होता. तो मी कधी दाबला नाही.

नकाशा झाला. लिंक चालकाला दिली, डॉक्टर साहेबांना दिली. पहिल्याच महिन्यात तापानं झटके आलेल्या एका लेकराला नवीन चालक कुणालाही न विचारता घेऊन आला. "सिस्टर, बराबर दारात गेलो," असं तो म्हणाला तेव्हा मला दिवसभर हसू आवरत नव्हतं. नकाशा किती वेळा उघडला गेला याचा आकडा साइटवर दिसायचा. मी रोज तो बघायचे. आकडा वाढला की बरं वाटायचं.

शिमगा होऊन गेला. हळद काढून, शिजवून, वाळवून झाली होती. घरोघर पोती उभी होती. त्या दिवसांत एका आखाड्यावरची मोटारीची केबल गेली, दुसऱ्यावरची मोटारच गेली. उन्हाळ्यात असं होतंच, म्हणून मी मनावर घेतलं नाही. मग एका मंगळवारी सकाळी आशाताई उपकेंद्रात आली आणि पायरीवरूनच म्हणाली, "मामाच्या आखाड्यावर काल चोरी झाली. भर दुपारी. पिकअप लावून हळद भरून नेली. दोघं बी औंढ्याला गेलते."

"काल म्हणजे सोमवारी," मी म्हणाले.

"व्हय, सोमवारीच."

माझ्या हातात लसीचा डबा होता. मी तो खाली ठेवला, आशाताईला बाहेर बसायला सांगितलं आणि आत जाऊन नकाशा उघडला. माझ्या फोनवर नेहमीसारखं नाव दिसलं. घरी जाईपर्यंत मला दम निघाला नाही. मधेच गावात आमचे मालक भेटले, त्यांच्या फोनवर ती लिंक उघडली. त्या फोनवर माझं खातं नव्हतं. ठिपका दाबला, बाण दाबला. एकाखाली एक सगळं उघडलं. नाव, फोन, माणसं किती, आजार. शेवटी शेरा. माझ्याच शब्दांत. वयस्क दोघेच. सोमवारी घर बंद असते.

"हे कोणालाबी दिसते?" मालकांनी विचारलं.

मी मान डोलावली.

नंतर मी सेटिंग शोधली. ती इंग्रजीत आणि सहज सापडणार नाही अशा जागी होती. नकाशा जगाला दिसावा यावर आधीपासूनच टिक होती. सगळे रकाने दाखवावेत यावरही आधीपासूनच टिक होती. मी ती केली नव्हती. पण काढलीही नव्हती.

मी नकाशा बंद केला. मग तो उघडल्याचा आकडा पाहिला. ज्या आकड्याचा मला इतके दिवस अभिमान होता, तो आता समोर बघवेना. आमच्या हद्दीत चालक एक, डॉक्टर एक, मी एक. मग हा नकाशा एवढ्या वेळा उघडला कुणी? चालकाला फोन केला. तो म्हणाला, त्यानं लिंक चालकांच्या ग्रुपवर टाकली, चांगलं काम म्हणून. तिथून ती गावच्या ग्रुपवर गेली, तिथून कुठे कुठे. "चूक झाली का सिस्टर?" त्यानं विचारलं. मला त्याच्या आवाजातसुद्धा खोट वाटू लागली.

पुढचे काही दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. गावात कुणी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलं दिसलं की वाटायचं, हा नकाशा बघत होता का? कुणी "सिस्टर, तुमच्या नकाशाचं काय झालं?" म्हणून सहज विचारलं तरी मी त्याचा चेहरा निरखायचे. आणि मग माझं मन एका जागी जाऊन अडकलं. आशाताईच्या दिराकडे पिकअप होतं. भाजीपाला वसमतच्या बाजारात नेण्यासाठी घेतलेलं. सगळी माहिती आशाताईच्या वहीतही होती. ती माझ्याबरोबर प्रत्येक आखाड्यावर आली होती.

मी सरळ विचारलं नाही. सरळ विचारलं असतं तर बरं झालं असतं. लसीकरणाच्या दिवशी बाया पांगल्यावर मी उगीच म्हणाले, "तुझ्या दिराचं पिकअप सोमवारी कुठं असतं गं?"

ती सिरिंजांची डबी बंद करत होती. तिचे हात थांबले.

"काहून?"

"सहज."

"सहज न्हाई. सिस्टर, तुमी माह्या दिराचं इचारून राहिल्या का माहं?"

मी कुप्या मोजू लागले. तिनं डबी टेबलावर ठेवली, ओळखपत्र गळ्यातून काढून पिशवीत घातलं आणि निघून गेली. पुढच्या फेरीला ती आली, काम केलं, पण स्कूटीवर बसली नाही. उन्हातून चालत गेली आणि माझ्याआधी पोचायचा प्रयत्न करत राहिली.

मी ठाण्यात जाऊन आले. मामांनी तक्रार दिलेलीच होती. तिथल्या जमादारांना मी चाचरत विचारलं, "साहेब, चोरांना घरं कशी कळतात? मोबाइलवर वगैरे बघतात का?"

"मॅडम, त्याहिला मोबाइल कशाला पायजे? बाजारात बसते, चहा पेते, कोणाची हळद निघाली, कोण देवाला गेलं, समदं कानावर येते." मग ते थांबले आणि माझ्याकडे नीट बघितलं. "काहून? कोणता मोबाइल?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी माझं नाव, फोन, उपकेंद्र एका कागदावर लिहून घेतलं. ते लिहिताना मी पहिल्यांदा विचार केला की हा कागद आता कुठे जाईल. तांड्यावरच्या बापूला, आकडा काढणाऱ्या त्या माणसाला, माझ्या वहीकडे पाहून असंच वाटलं असणार.

मामांकडे जायला मला आठ दिवस लागले. रोज निघायचे आणि दुसऱ्याच आखाड्यावर जाऊन यायचे. शेवटी गेले तेव्हा मामा दाराला नवीन कडी बसवत होते. मामी चुलीपाशी. मी बाजेवर बसले नाही, उभ्यानंच सांगितलं. मी चोरून जागा टिपली, शेरा लिहिला, तो सगळ्यांना दिसत होता. चोरांनी तो पाहिला की नाही मला माहीत नाही.

मामांनी हातोडी खाली ठेवली.

"कोणाकोणाला दिसलं?"

"माहीत नाही, मामा."

"म्या नको म्हणलं व्हतं ना?"

"व्हय."

"मंग तुमी बी त्याहिच्यासारखंच केलं. मी घरात नसताना."

तेव्हा घर काही रिकामं नव्हतं, मामी आत होत्या आणि मामा जवळच वाफ्यात. पण ते म्हणत होते ते बरोबर होतं. मामा म्हणाले, "काढून टाका माहं. आत्ता. माह्यासमोर."

मी फोन काढला, तक्ता उघडला, त्यांची ओळ पुसली. मामांना वाचता येत नव्हतं. ते माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते.

"गेलं?"

"गेलं."

"खरंच गेलं, का दुसऱ्या कुटं हाय?"

कुणी फोटो काढून ठेवला असेल, कुणी उतरवून घेतलं असेल. मी म्हणाले, "माझ्याकडून गेलं."

तेवढ्यात मामी चुलीपासून उठल्या. पदराला हात पुसत त्या माझ्याकडे नाही, मामांकडे बघून म्हणाल्या, "आन मला चक्कर आली तर? त्या दिवशी आलती तवा तुमी कुटं व्हता? वावरात. हाक मारली तर आवाज गेला न्हाई."

"तवा पाहू," मामा म्हणाले.

"तवा म्या पाहायला राहते का न्हाई ते कोणाला ठावं?"

दोघं भांडले. माझ्यासमोर, मोठ्यानं. मामांचं म्हणणं, एकदा लुटलो ते पुरे. मामींचं म्हणणं, हळद गेली ती पुन्हा पिकेल. बऱ्याच वेळानं मामींनी मला विचारलं, "निस्ता ठिपका ठेवता येते का? नाव न्हाई, गाव न्हाई, सोमवार न्हाई."

"येतं."

"मंग तेवढाच ठेवा." मामांनी हो म्हटलं नाही. पण हातोडी उचलून ते पुन्हा कडी ठोकू लागले, आणि मामींनी मला चहा दिला.

त्यावरून मी नकाशा पहिल्यापासून पुन्हा केला. ह्या वेळी व्हिडिओ घाईघाईनं पाहिले नाहीत. प्रत्येक टिक कशाची आहे ते शब्दकोशात बघून वहीत मराठीत लिहून काढलं. नकाशावर फक्त ठिपका आणि एक क्रमांक ठेवला, आणि गाडी आत कुठून वळते तो रस्ता. नाव, आजार, फोन सगळं एका कागदी रजिस्टरात. ते उपकेंद्राच्या कपाटात आणि त्याची एक प्रत गाडीत, चालकाच्या सहीनं. प्रत्येक बदलानंतर मी आमच्या मालकांच्या फोनवर तो उघडून बघायचे, आणि मग ज्या बाईला मी ओळखत नाही अशा एखादीला, बसथांब्यावर, "हे उघडून दाखवता का, काय दिसतं?" असं विचारायचे. बाया माझ्याकडे संशयानं बघायच्या. साहजिकच आहे.

आखाड्यांवर पुन्हा गेले, परवानगी मागायला. ज्यांनी नको म्हटलं त्यांचा ठिपका काढला. तांड्यावरच्या अर्ध्या घरांनी नको म्हटलं. मी वाद घातला नाही.

आशाताईकडे मात्र मी रिकाम्या हातानं गेले. तिच्या घरी, दुपारी, दीर ओसरीवर झोपलेला असताना. मी म्हणाले, "माझी चूक झाली. मी तुझ्यावर संशय घेतला."

ती ज्वारी पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "सिस्टर, खरं सांगू का? मला बी तुमचाच संशय आलता. मामा नको म्हणले अन् तुमी पदराखाली मोबाइल दाबून राहिल्या व्हत्या. म्या पाह्यलं व्हतं. चोरी झाली तवा माह्या मनात पहिलं तेच आलं, की सिस्टरनं कोणाला सांगितलं का काय."

"मग बोलली नाहीस?"

"कशी बोलू? तुमी मोठ्या." तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. "तवाच बोलले असते तर बरं झालं असतं, न्हाई का?"

आम्ही दोघी हसलो नाही. पण पुढच्या फेरीला ती स्कूटीवर बसली. आता आखाड्यावर फोन ती धरते आणि विचारतेही तीच. मी लिहिते.

चोर पुढे सापडले, असं ऐकलं. दुसऱ्या तालुक्यात कुठेतरी हळद विकताना. आशाताईच्या दिराचा काही संबंध नव्हता. चोरांनी नकाशा पाहिला होता का, हे त्यांना कुणी विचारलं नसावं. मी जमादारांना पुन्हा फोन करून विचारणार होते, पण नंबर लावून बंद केला. मला उत्तर हवं होतं की नको, तेच ठरेना. अजून ठरलेलं नाही.

पावसाळ्यात मामींना खरंच चक्कर आली. चालक अगदी नवा होता, पण गाडीतल्या रजिस्टरात नावापुढचा क्रमांक पाहून नकाशावरच्या त्या ठिपक्याकडे निघाला आणि वेळेवर पोचला. मी कालच त्यांच्या गोळ्या देऊन आले. मामा वाफ्यात होते. त्यांनी मान वर केली, पुन्हा खाली वाकले.

मागच्या महिन्यात एका बैठकीत माझं काम दाखवायला सांगितलं. तिथले एक साहेब खूश झाले. म्हणाले, हे सगळीकडे करू, डोंगरकडा गावापासून इकडे वसमतपर्यंत. "पण यात माहिती कमी आहे, सिस्टर. फोन नंबर टाका, घरातली माणसं टाका, आजार टाका. एका बोटावर सगळं दिसलं पाहिजे."

मी म्हणाले, "साहेब, ते कागदावर आहे. नकाशावर टाकणार नाही."

"का? लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी दडवते आहे असंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी मामांचं नाव न घेता जे झालं ते सांगितलं, माझी चूकही सांगितली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, लेखी द्या. मी दोन पानं लिहून दिली. कोणता रकाना का नको, ते एकेक करून. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही. तोवर आमच्या हद्दीतला नकाशा चालू आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी तो परक्या फोनवर उघडून बघते.